रंग नाही, तर नुसतं लाकूड

1492 साली जर्मनीतल्या म्युनरश्टाट गावच्या चर्चमध्ये मेरी मॅग्डलीनचा नवा देव्हारा बसला. वेदीच्या मागे उंच उभा, दोन्ही बाजूंना कपाटासारखी दारं, आत लाकडी मूर्ती. कारागीर साधासुधा नव्हता. व्युर्ट्सबुर्गचा टिलमन रिमेनश्नायडर म्हणजे पटाशी चालवण्यात त्या काळी ज्याचा हात धरणारे एकदोघेच. मॅग्डलीनने रानात तप केलं, अंगावरचे कपडे झिजून गेले आणि अंगभर वाढलेल्या केसांनीच तिची लाज राखली, अशी कथा आहे. रिमेनश्नायडरने ते केस एकेक वेटोळं करून कोरले. देवदूत तिला अलगद वर उचलताहेत. एवढं झालं आणि त्याने हात थांबवला. रंग दिलाच नाही. लिंडनच्या फिकट लाकडावर तपकिरी छटेचा एक पातळ थर, डोळ्यांत काळी बुबुळं, ओठांवर जराशी लाली, बस्स.

ही मॅग्डलीन आज म्यूनिकच्या बव्हेरियन राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि तिच्यासमोर उभं राहिलेल्याला रंगाची उणीव भासत नाही. गावाला मात्र भासली. बारा वर्षांनी दुसऱ्या कारागिराला गाठून त्यांनी अख्खा देव्हारा रंगवून आणि सोन्याने मढवून घेतला. हा दुसरा कोण, तर न्युर्नबर्गचा फाइट श्टॉस. क्राकूफच्या सेंट मेरी चर्चमधला प्रचंड देव्हारा 1477 ते 1489 अशी बारा वर्षं खपून यानेच उभा केला होता. पण पुढे एका व्यवहारात पैसे बुडाले, ते वसूल करायला त्याने खोटा सही-शिक्क्याचा कागद बनवला, 1503 मध्ये पकडला गेला आणि शिक्षा म्हणून त्याचे दोन्ही गाल तापल्या लोखंडाने डागले गेले. न्युर्नबर्ग सोडायची बंदी असताना तो निसटला, जावई म्युनरश्टाटला राहत होता तिथे आला, आणि आपल्या तोडीच्या दुसऱ्या कलावंताच्या मूर्तींना रंग देत बसला. या कामाचे त्याला रिमेनश्नायडरपेक्षा जास्त पैसे मिळाले.

घडवणाऱ्यापेक्षा रंगवणाऱ्याला जास्त? आपल्या भुवया उंचावतात. त्या काळच्या माणसाला यात नवल वाटलं नसतं. पटाशीने आकार येतो. गालाखाली रक्त आहे, डोळा आपल्याकडे वळलाय, जखम ओली आहे, हे सगळं रंगाने येतं. मध्ययुगीन युरोपातल्या भाविकाने ज्याच्यापुढे गुडघे टेकले ते लाकूड नव्हतं. ती रंगाने जिवंत झालेली कातडी होती. आज संग्रहालयांत आपण ज्या तपकिरी, गंभीर मूर्ती बघतो आणि 'काय साधेपणा!' म्हणून मान डोलावतो, त्यांतल्या बऱ्याच जणींची ही कातडी सोलून काढलेली आहे.

ही कातडी चढायची कशी, ते सावकाश बघण्यासारखं आहे.

सुरुवात झाडापासून. दक्षिण जर्मनीत लिंडन, उत्तरेत आणि फ्लँडर्समध्ये ओक, फ्रान्समध्ये बऱ्याचदा अक्रोड, इटलीत पॉप्लर आणि अक्रोड, स्पेनमध्ये पाइन. ओंडका वाळताना सगळीकडून सारखा आकसत नाही. वर्षवलयांच्या गोलाईत जास्त आकसतो, गाभ्याकडे कमी. मग ताण बसतो आणि सालीकडून गाभ्यापर्यंत उभी भेग पडते. यावर सुतारांनी काढलेला तोडगा म्हणजे गाभाच काढून टाकायचा. मूर्ती पाठीमागून पोखरायची, शेवटी उरते ती समोरच्या बाजूची जाड सालच म्हणायची. एखाद्या संग्रहालयात मूर्ती भिंतीपासून सुटी ठेवलेली असेल तर मागे जाऊन जरूर बघा. समोर राणीसारखी बसलेली येशूची आई मारिया मागून नाव पोखरावी तशी रिकामी असते आणि आत पटाशीचे रांगडे घाव दिसतात. या मूर्तींना पाठ नसतेच, कारण त्यांच्या मागे कोणी जायचंच नव्हतं.

कोरताना ओंडका उभा नसायचा. आडवा टाकून, दोन टोकांना खुंट्यांत अडकवून, हवा तसा फिरवत कोरायचा. डोक्याकडच्या खुंटीचं भोक शेवटी गोल लाकडी बुच ठोकून बुजवायचे. मूर्तीच्या टाळूवर ते बुच आजही सापडतं, आणि त्या एका खुणेवरून कळतं की ही संत कॅथरिन आपल्या जन्माच्या वेळी पाठीवर झोपून गरगर फिरत होती.

मग लाकूड झाकायला सुरुवात. कातड्याचे तुकडे उकळून केलेला सरस अंगभर. सांधे, गाठी, भेगा यांवर जुन्या तागाच्या कापडाच्या पट्ट्या. त्यावर सरसात कालवलेला खडू, आल्प्सच्या दक्षिणेला खडूऐवजी चिरोडी. एक थर वाळला की दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, घासून घासून पृष्ठभाग हस्तिदंतासारखा होईपर्यंत. यात एक गंमत आहे. या लेपाने कोरीव कामाच्या कडा बुजतात. कोरणाऱ्याला हे ठाऊक असायचं, म्हणून तो पापणी, ओठ, केसांच्या चिरा गरजेपेक्षा खोल मारायचा; आणि रंगारी लेप सुकल्यावर त्यातच पुन्हा बारीक कोरून घ्यायचा. म्हणजे चेहऱ्याचा शेवटचा हात रंगाऱ्याचा. रंग सोललेल्या मूर्तीचा चेहरा कधीकधी उगाच कठोर, ओबडधोबड वाटतो त्याचं कारण हे. तो चेहरा कोणी बघावा म्हणून केलेलाच नव्हता.

1400 च्या आसपास चेन्नीनो चेन्नीनी नावाच्या तोस्कानाच्या चित्रकाराने धंद्यातल्या खुब्यांचं एक पुस्तक लिहून ठेवलं. त्यात सोन्याच्या वर्खाबद्दल त्याची तक्रार वाचण्यासारखी आहे: सोनं ठोकणारे एका सोन्याच्या नाण्यातून 145 वर्ख काढतात, पण सपाट जागेला 100 पेक्षा जास्त काढलेले चालणार नाहीत, फार पातळ होतात. वर्ख लावायचा तो तांबड्या मऊ मातीच्या लेपावर, म्हणजे सोन्याला आतून ऊब येते. आणि मग तो घोटायचा. घोटायला गुळगुळीत दगड, नाहीतर दात. कुत्र्याचा, लांडग्याचा, मांजराचा, सिंहाचा, थोडक्यात मांस खाणाऱ्या कुठल्याही जनावराचा. मारियाच्या झग्यावरची ती चकाकी कुत्र्याच्या सुळ्याने आणलेली असू शकते. चेहऱ्याच्या रंगासाठीही त्याची तंबी आहे. रंग अंड्याच्या बलकात कालवायचा. तरुण, नितळ चेहरा असेल तर शहरातल्या कोंबडीचं अंडं घ्या, त्याचा बलक फिका असतो. म्हातारा किंवा रापलेला चेहरा असेल तर गावाकडच्या कोंबडीचं, त्याचा बलक गडद.

निळ्यासाठी ॲझुराइट हा खनिज रंग, आणि खिसा भरलेला असेल तर लाजवर्द. तो यायचा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतून. लालासाठी हिंगूळ, आणि बऱ्याचदा हिंगुळाच्या खाली अस्तर म्हणून शेंदूर. आपल्या मारुतीच्या अंगावर चढतो तोच, शिशापासून केलेला. त्वचेला शिशाचा सफेदा आणि त्यात हिंगुळाची चिमूट. पंधराव्या शतकात तर कारागिरांनी कापडसुद्धा खोटं केलं. कथिलाचा पातळ पत्रा नक्षी कोरलेल्या साच्यात दाबायचा, पाठीमागे मेण-राळेचं मिश्रण भरायचं, काढून मूर्तीच्या झग्यावर चिकटवायचा, वर सोनं आणि रंग. उठावाच्या बारीक रेघांवर उजेड पडला की इटलीचं भरजरी मखमल पांघरलंय असाच भास. गावातल्या ज्या बाईने तसलं कापड जन्मात पाहिलं नाही, तिला ते चर्चमध्ये दर रविवारी बघायला मिळायचं.

कोरणारा आणि रंगवणारा बहुतेक शहरांत वेगळ्या कौशल्याचे, पुष्कळदा वेगळ्या कारखान्यांतले असायचे. बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने आपल्या दिजाँजवळच्या मठासाठी 1390 च्या दशकात देव्हारे करवून घेतले. ते फ्लँडर्समधल्या डेन्डरमाँडे गावी याक द बार्झे याने कोरले, मग ते ईपरला मेल्खियोर ब्रूडरलाम या चित्रकाराकडे रंग आणि सोनं चढवायला गेले, आणि 1399 मध्ये दिजाँला पोचले. पुढे अँटवर्पमध्ये तर या मालाला शिक्के आले. लाकूडकाम पारखून पास झालं की त्यावर डागाने उमटवलेला हाताचा पंजा. रंग आणि सोनं पास झालं की पंजांसह किल्ल्याचा शिक्का. ग्राहकाला दोन्ही बघून घ्यायचे असत. खरेदीदार ठोक, माल ठोक, बाजार युरोपभर. भक्तीचा माल म्हणून भेसळीची धास्ती कमी होती असं समजायचं कारण नाही.

पण एवढा खटाटोप मुळात सुरू कसा झाला? ख्रिस्ती धर्माला मूर्तीचं वावडं. दहा आज्ञांत कोरीव प्रतिमेची मनाई स्पष्ट आहे. भिंतीवरचं सपाट चित्र पश्चिम युरोपने कधीच पचवलं होतं; चोहोबाजूंनी अंग असलेली मूर्ती मात्र घशात अडकायची. 1013 च्या आसपास आंजेचा बर्नार नावाचा शिकलेला धर्मगुरू दक्षिण फ्रान्समध्ये यात्रेला गेला. ओरियाकला संत जेराल्डची सोन्याने मढवलेली मूर्ती बघून तो सोबत्याला लॅटिनमध्ये हळूच म्हणाला की ज्युपिटर आणि मार्सलाही ही मूर्ती शोभली असती. आजूबाजूचे शेतकरी गुडघे टेकून बसलेले. काँकला संत फ्वाची मूर्ती, लाकडाच्या गाभ्यावर सोन्याचे पत्रे ठोकलेली, बघूनही त्याला आधी तसंच वाटलं. मग तिच्या चमत्कारांच्या कथा ऐकत गेला, त्या लिहून काढायला बसला आणि पुरता विरघळला. आपण फ्वाच्या मूर्तीला मूर्ख बाहुली समजलो याचा पश्चात्ताप त्याने स्वतःच नोंदवून ठेवला आहे. मूर्तीपुढे हसणारा सुशिक्षित आणि मूर्तीपुढे वाकणारा गावकरी, ही जोडी आपल्याला काही नवी नाही.

तोवर राइनच्या काठी कोलोनमध्ये एक धाडस घडून गेलं होतं. तिथल्या कॅथीड्रलमधला गेरो क्रूस, ओकचा, माणसाच्या उंचीचा, 187 सेंटिमीटर. लाकडाच्या वर्षवलयांवरून झाड 965 नंतर लगेचच तोडलेलं ठरतं, म्हणजे आर्चबिशप गेरोच्या काळाशी ते जुळतं. त्याआधीच्या क्रूसांवर येशू बहुधा डोळे उघडे ठेवून, ताठ, मरणावर मात केलेल्या राजासारखा असतो. इथे तो मेलेला आहे. मान कलंडलेली, डोळे मिटलेले, अंगाच्या भाराने दंड ताणलेले, पोट खाली ओघळलेलं. मेर्झबुर्गचा इतिहासकार थीटमार सांगतो की या मूर्तीच्या डोक्याला भेग पडली. गेरोने त्या भेगेत प्रभुभोजनाची पवित्र भाकर आणि खऱ्या क्रूसाचा तुकडा ठेवला, जमिनीवर लोटांगण घालून प्रार्थना केली, उठून बघतो तो भेग मिटलेली. ओकला भेग पडणं ही सुतारासाठी रोजची कटकट. पण डोकं दुखावलं ते 'मूर्तीचं' नव्हतं, आणि म्हणून औषधही सुताराचं चाललं नाही.

याहून जुना आहे इटलीतल्या लुक्का शहराचा क्रूस, 'पवित्र मुख' म्हणून ख्यात. अक्रोडाचा; 2020 मध्ये कार्बन पद्धतीने त्याचं वय काढलं तेव्हा तो आठव्या-नवव्या शतकाचा निघाला. या क्रूसावरचा येशू उघडा नाही. दाढी आहे आणि अंगात घोळदार पायघोळ झगा आहे. यात्रेकरूंनी त्याच्या नकला उत्तरेकडे नेल्या. तिकडे क्रूसावर झगा घातलेली आकृती कोणाच्या ओळखीची नव्हती. झगा म्हणजे बाई! पण मग दाढी? लोकांनी कथा रचली: एका राजकन्येला मूर्तिपूजक राजाशी लग्न करायचं नव्हतं, तिने देवाला विद्रूप कर म्हणून विनवलं, रातोरात तिला दाढी आली, बापाने चिडून तिला क्रूसावर चढवलं. संत विल्गेफोर्टिस ही इतिहासात कधी झालीच नाही. ती गैरसमजातून जन्मली असं अभ्यासक मानतात. तरी तिचे देव्हारे झाले, नवस झाले. इंग्लंडमधल्या बायका नवऱ्यापासून सुटका व्हावी म्हणून तिला ओट्स वाहतात, अशी थट्टा सर टॉमस मोरने करून ठेवली आहे. रंगवलेल्या झग्याने एक नवी संत जन्माला घालावी, याहून मोठी दाद कारागिराला कुठली?

या मूर्ती जागेवर बसून राहत नसत, हे आपण विसरतो. पाम संडेला येशू गाढवावर बसून जेरुसलेमात शिरला, म्हणून जर्मन मुलखात लाकडी गाढवावर लाकडी येशू, खाली चाकं, आणि गावभर मिरवणूक. झ्युरिकच्या संग्रहालयात श्टाइनेन गावचं असलं एक गाढव आहे, अकराव्या शतकातलं. स्वर्गारोहणाच्या दिवशी येशूची मूर्ती दोराने वर ओढत चर्चच्या छताला ठेवलेल्या भोकातून दिसेनाशी करायचे. ती गेली की भोकातून फुलं आणि पावाच्या चकत्या खाली पडायच्या. पोरांची झुंबड उडत असणार, यात शंका नको.

आणि गुड फ्रायडे. त्यासाठी खांद्यात सांधे असलेले येशू घडवत. हात पसरले की क्रूसावर, खिळे काढून हात मिटले की कबरीत ठेवायला तयार. सांध्यावर चामडं चढवून ते अंगाच्याच रंगाने रंगवायचे, म्हणजे काख उघडी पडायची नाही. स्पेनमधल्या बुर्गोसचा येशू तर अंगभर कातड्यात मढवलेला आहे, डोक्याला खरे केस. लोक शतकानुशतकं ती माणसाचीच कातडी मानत आले. ही चाल पोर्तुगीजांबरोबर आपल्या दाराशीही आली. गोव्यातल्या चर्चांमध्ये गुड फ्रायडेला क्रूसावरून उतरवला जाणारा, हात मिटणारा येशू हा त्याच घराण्यातला आहे, फक्त वयाने लहान.

इंग्लंडमध्ये केंट परगण्यातल्या बॉक्सली मठाचा क्रूस याच्याही पुढे गेला होता. त्याचे डोळे हलत, मान हलत असे. 1538 मध्ये राजा आठव्या हेन्रीच्या माणसांनी त्याच्या पाठीत तारा आणि कुजक्या काड्या शोधून काढल्या, तो लंडनला नेला आणि सेंट पॉलच्या प्रांगणात बिशपच्या प्रवचनानंतर लोकांसमोर मोडून टाकला. फसवणूक उघडकीला आल्याचा मोठा गाजावाजा झाला. मला मात्र शंका येते की बॉक्सलीच्या यात्रेकरूंपैकी पुष्कळांना तारा आहेत हे ठाऊकच असावं. कळसूत्री बाहुलीचा दोरा दिसतो म्हणून कोणी रडायचं थांबत नाही.

भक्ती दुसऱ्या टोकाला फार एकांतातली असायची. राइनच्या काठावरच डीसेनहोफेनजवळ सेंट काथारिनेनटाल नावाचा डोमिनिकन जोगिणींचा मठ होता. त्यांच्यासाठी 1300 च्या आगेमागे कॉन्स्टान्सच्या मास्टर हाइनरिखने मूर्ती घडवल्या. त्याची म्हणून ओळखली जाणारी मारिया आणि एलिझाबेथ यांच्या भेटीची जोडमूर्ती आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, अक्रोडाची, जेमतेम दोन फूट उंच, सोनं आणि रंग पुष्कळसा शाबूत. दोघी गरोदर. एकीच्या पोटी येशू, दुसरीच्या पोटी योहान. एकमेकींचा हात हातात. एकीचा दुसरा हात मैत्रिणीच्या खांद्यावर. आणि दोघींच्याही छातीखाली एकेक पारदर्शक स्फटिक बसवलेला आहे, अंड्यासारखा फुगीर. त्या स्फटिकामागच्या पोकळीत कधीकाळी बाळांची चित्रं असावीत. जन्मभर मूल न होणाऱ्या बायकांनी, गजाआडच्या मठात, मेणबत्ती पुढे धरून त्या भिंगातून आत डोकावायचं. याच मठातली दुसरी एक मूर्ती, येशूच्या छातीवर डोकं ठेवून झोपलेला त्याचा शिष्य योहान, आता अँटवर्पच्या मायर व्हान डेन बेर्ख संग्रहालयात आहे. मठाच्या जुन्या वहीत जोगिणींनी लिहून ठेवलंय की ती इतकी सुंदर झाली की खुद्द घडवणारा मास्टरही थक्क झाला.

इतक्या गोडव्याच्या बरोबरीने त्याच पिढीत, त्याच नदीकाठी, बघवणार नाही असंही काही घडत होतं. कोलोनच्या सांक्ट मारिया इम कापिटोल चर्चमधला क्रूस 1304 चा. वाय अक्षरासारखा फाट्यांचा, तोडलेल्या झाडासारखा. येशूच्या बरगड्या मोजता येतात, पोट पाठीला लागलेलं, जखमा वर उठलेल्या. अशा क्रूसांवर रक्त नुसतं रंगवत नसत. खडू-सरसाच्या लगद्याने थेंब उभारायचे, त्वचेखाली दोऱ्या चिकटवून शिरा फुगवायच्या, मग गडद लालावर पारदर्शक लाल चढवायचा, म्हणजे रक्त ओलं दिसतं. लोक अशांना 'प्लेगचे क्रूस' म्हणतात, पण युरोपात प्लेग आला तो अर्ध्या शतकाने. हे भयानकपण रोगातून आलं नाही. ते शांतपणे, मागणीप्रमाणे, उत्तम कारागिरीने बनवलेलं आहे. बॉनच्या संग्रहालयातली रॉटगेन पिएता, मांडीवर मेलेला मुलगा घेतलेली आई, त्याच शतकातली. तिच्या मुलाच्या जखमा द्राक्षांच्या घोसासारख्या लोंबतात आणि आईचा चेहरा दुःखाचा कमी, चिडल्यासारखा जास्त आहे. त्या काळच्या शोकमूर्तींमध्ये मला ही सगळ्यात खरी वाटते.

लंडनच्या बिशपाला तेव्हा हे सोसलं नाही. 1306 च्या सुमारास टिडेमान नावाच्या जर्मन कारागिराने तिथल्या एका चॅपलला असलाच फाट्यांचा क्रूस विकला. दर्शनाला झुंबड उडाली. बिशप राल्फ बॉल्डॉकने तो क्रूसाचा खरा आकारच नाही म्हणून काढायला लावला. टिडेमानने पैसे परत करायचे आणि लोकांच्या नजरेस पडणार नाही अशा वेळी तो शहराबाहेर न्यायचा. भीती लाकडाची नव्हती. गर्दीची होती.

दोनशे वर्षांनी ती भीती उलटली. धर्मसुधारणेच्या लाटेत 1524 च्या उन्हाळ्यात झ्युरिकने आपल्या चर्चांतल्या मूर्ती दारं बंद करून, कारागीर लावून, दोनेक आठवड्यांत काढून टाकल्या. लाकडी होत्या त्या जाळल्या. 1529 च्या फेब्रुवारीत बाझेलमध्ये जमावाने होळ्या केल्या. इंग्लंडमध्ये तर एवढी साफसफाई झाली की तिथल्या मध्ययुगीन लाकडी क्रूसांचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके तुकडे उरले. ल्यूथरच्या अनुयायांचा हात त्या मानाने हलका. न्युर्नबर्गच्या सांक्ट लोरेन्झमध्ये छताला टांगलेली श्टॉसची 'देवदूताचा निरोप' ही मूर्ती त्यांनी जाळली नाही, नुसती झाकून ठेवली. 1817 मध्ये ती खाली कोसळून तुकडे झाली, पण तो दोष दोराचा, धर्माचा नव्हे.

जाळपोळीतून वाचलेल्या मूर्तींवर एकोणिसाव्या शतकात दुसरी आफत आली, रसिकतेची. शिल्प म्हणजे शुद्ध आकार, रंग म्हणजे बाजारूपणा, अशी समजूत पक्की झालेली. व्यापारी आणि दुरुस्ती करणारे मूर्ती कॉस्टिकच्या पाण्याने धुऊन, खरवडून 'मूळ' लाकूड काढू लागले. त्यात मूळ होतं तेच गेलं. खरं तर रंग उतरवण्याआधी विचारायला हवं होतं की यातला कुठला रंग? कारण भाविकांनी मूर्तीला दर शंभर-दीडशे वर्षांनी नवा हात दिलेला असे. मारिया काळानुसार लाल झगा टाकून निळा, निळा टाकून सोनेरी, शेवटी पांढरा घालायची. 2022 मध्ये वणीच्या सप्तशृंगीवरचा पिढ्यान् पिढ्यांचा शेंदूर उतरवल्यावर खालून वेगळीच मूर्ती डोळ्यांपुढे आली, तसंच हे. फरक इतकाच की तिथल्या शेंदराखाली दगड होता आणि इथे प्रत्येक थराखाली आणखी एक चेहरा. म्हणून आजचे संवर्धक खरवडत नाहीत. टाचणीच्या टोकाएवढा कण काढून राळेत बसवतात, कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. लाकूड, सरस, खडू, पहिला गाल, मळ, दुसरा गाल, मळ, तिसरा. मेणबत्त्यांच्या काजळीची रेघ मधूनमधून.

पहिला गाल उघड्यावर, जसाच्या तसा बघायचा असेल तर श्रीमंत शहरं सोडून बाल्टिक समुद्रातल्या गोटलँड बेटाकडे वळावं लागतं. बाराव्या-तेराव्या शतकांत हे बेट व्यापाराने गबर होतं. गावोगाव दगडी चर्च उठली, त्यांत मूर्ती आल्या. चौदाव्या शतकाच्या मध्यानंतर दिवस फिरले. ती चर्च मोडून नवी बांधायला, मूर्ती नव्या फॅशनने रंगवायला पैसाच उरला नाही. पुढे ल्यूथरचा धर्म आला तोही जाळायच्या मूडमध्ये नव्हता. त्या बेटावरच्या विक्लाऊ गावची मारिया बाराव्या शतकातली आहे आणि आता स्टॉकहोमच्या इतिहास संग्रहालयात बसलेली असते. मांडीवरचं बाळ कुठेतरी हरवलं, पण अंगावरचं सोनं आणि चेहऱ्यावरचा रंग बराचसा पहिलाच आहे. युरोपात बाराव्या शतकातली इतकी शाबूत रंगीत मूर्ती शोधायला गेलं तर फार फिरावं लागतं. रंगाऱ्याला द्यायला गावाकडे पैसे नव्हते, म्हणून ती राहिली.